ड्रमवरची कवटी

दादा,

आज गुरुवार, १२ सप्टेंबर १९९६. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. गोदामाच्या पायरीवर बसून मी कीटकनाशकाच्या रिकाम्या ड्रमांवर खिळ्याने अक्षरं कोरतो आहे. अकरावा ड्रम आत्ताच झाला.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. ड्रमवरची चिठ्ठी काढायला तुम्ही मला याच पायरीवर शिकवलंत. आधी रॉकेलचा बोळा फिरवायचा, मग ब्लेड आडवं धरायचं. एकदा चिठ्ठीवरच्या, विषाची खूण असलेल्या कवटीचा अर्धा जबडा राहिला, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "सातवी शिकून एवढंबी जमंना व्हय रं?" मी तो नखाने खरवडला. कवटी दिसली की गिऱ्हाईक भाव पाडतं, असं तुमचं म्हणणं. संध्याकाळी मला भेळ घेऊन दिलीत.

आता ते काम माझ्याकडे आहे आणि मी ते करणार नाही.

सकाळी पाथर्डीचा मुकादम आला होता. ऊसतोडीच्या टोळीला पाण्यासाठी ड्रम तो दरवर्षी इथूनच नेतो. मी कवटी तशीच ठेवून तिच्याखाली कोरलं आहे : 'आत विषारी औषध होते. पिण्याचे पाणी भरू नये.' ज्याला वाचता येत नाही, त्याला कवटी तरी दिसेल. मुकादम हसला. "आरं बाबा, आमाला पानी भरायचंय, ड्रम वाचायचा न्हाई."

"पाणी भरायचंय म्हणूनच लिहिलंय," मी म्हणालो.

त्याचा टेम्पो रिकामाच परत गेला. सुपरवायझर म्हणाले, तुझ्या बापाने असली नाटकं कधी केली नाहीत. दोनपर्यंत ड्रम कोरे कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. दाराची कडी तीनदा बघणारा मी, तुम्हाला माहीतच आहे. तरी सांगितलं, खिळ्याने कोरलेलं ब्लेडने निघत नाही, आणि ते मी मुद्दाम केलंय. बाराव्या ड्रमवरही कोरणार आहे.

चिठ्ठी इंग्रजीत असायची, ती तुम्हाला वाचता येत नव्हती, हे मान्य. पण कवटी दिसत होती, दादा.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. घडी घालून खिशात ठेवतो. एक गोष्ट मात्र कबूल करतो. आपल्या मोरीतला पाण्याचा ड्रम तुम्ही इथूनच आणलात. त्याची चिठ्ठी मीच काढली होती. त्यात आधी काय होतं, ते मी कधी विचारलं नाही. आज सकाळी आईने त्यातूनच तांब्या भरून दिला. मी प्यायलो. तिला अजून काही सांगितलेलं नाही.