साखरा आगगाडीत बसली

११ सप्टेंबर

स्टेशन बघून आलो. पाटी लागली! पिवळ्यावर काळी अक्षरं — बीड. शेजारचा सटवा सोबत होता. म्हणाला, "डोळे कामून पुसतो रे? धूळ गेली का?" हो म्हटलं. धूळ होतीच की लई. रंग अजून ओला, फरशा घासणं चालू, पंखे बंद. असू दे. स्टेशन ते स्टेशन!

मोजणीचे दगड रोवले तेव्हा मी एसटीत नवा होतो. पुढं त्या दगडांना बाभळींनी झाकून टाकलं. आम्ही मोर्चे काढले, उपोषणाला बसलो. डेपोत चिडवायचे — एसटीचा कंडक्टर आणि रेल्वे मागतो! कुणाकुणाला सांगू, बायकोला एसटी लागते म्हणून? नगरला तिच्या बहिणीकडं निघालो की मांजरसुंब्यातच साखराला उतरवायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि घरी आणायचं. जन्मभर लोकांना गावोगाव पोचवलं, घरच्या माणसाला नाही. याची मला फार खंत आहे.

१७ सप्टेंबर

पहिली गाडी आली! मुक्तिदिनाचं झेंडावंदन करून सगळं गाव तिकडंच. बायकांनी इंजिनाला हळदीकुंकू वाहिलं. मी रडलो. या वेळी धुळीचं नाव सांगितलं नाही.

साखरा आली नाही. "गर्दी हटू द्या आधी."

२२ सप्टेंबर

नगरहून रामकिसनचा फोन — साखराच्या बहिणीचा, छबुबाईचा मुलगा. आईनं अन्न सोडलंय, मावशीला एकदा आणा म्हणाला. साखरानं पीठ मळता मळता ऐकलं.

"आता तर गाडी हाय ना?" एवढंच बोलली.

उद्याच निघतोय. म्हैस सटवा बघेल, पण एकच दिवस. म्हणजे परवा सकाळच्या गाडीनं परत.

"एकच रात?"

म्हटलं, भेट तर होईल. तिनं पिशवी भरायला घेतली.

२३ सप्टेंबर

लिहायची लाज वाटते.

गाडी लागली. मी खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली — ज्यावरून लोकांवर आयुष्यभर खेकसलो, तेच केलं! साखराला बसवलं, पिशवी वर ठेवली आणि खाली उतरलो. का? कोण चढायचं राहिलंय ते बघायला! कंडक्टर शेवटी चढतो ना. एक म्हातारी बोचकं घेऊन धापा टाकत येत होती. तिला वर चढवलं. "चला, चला, आत सरका," असं ओरडलोसुद्धा.

तोवर गाडी हलली. तरी मी निवांत उभा! मी डबल बेल दिल्याशिवाय गाडी जाते कुठं? डबा पुढं सरकला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. साखरा खिडकीतून ओरडत होती, "अवो, चढा की!" पळालो. गुडघे आडवे आले.

दोन्ही तिकिटं माझ्या खिशात. तिच्याजवळ फोन नाही. कधी एकटी गावाबाहेर गेलेली नाही. तिला मळमळलं तर पाणी कोण देणार? रामकिसनला स्टेशनवर थांबायला सांगितलं आणि बाकड्यावर बसून राहिलो. देवाला नाही नाही ते बोललो.

संध्याकाळी रामकिसनचा फोन आला. "काका, मावशी पोचली. उलटी न्हाई, काय न्हाई. त्या म्हातारीसंगं भाकर खाऊन आली!"

मग साखरा बोलली. "तिकीटवाल्याला सांगितलं, माझा कंडक्टर खालीच राहिला. लई हसला तो."

मला हसू आलं नाही.

२४ सप्टेंबर

सटवानं गल्लीभर केलं. जो भेटतो तो बेल वाजवून दाखवतो.

सकाळी फोन केला, आजच्या गाडीत बस म्हणून. "छबू हात सोडंना. मी ऱ्हाते." मी चिडलो. ठरलं काय होतं? घरात भाकरी करपते, म्हैस मला जवळ येऊ देत नाही! "मग दूध सटवाला काढू द्या," म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्यावर फोन ठेवला साखरानं!

२५ सप्टेंबर

फोन केला नाही. तिनंही नाही.

२६ सप्टेंबर

छबुबाई गेली. साखराच्या मांडीवर डोकं होतं. रामकिसन म्हणाला, कालचा सगळा दिवस दोघी लहानपणीचं बोलत होत्या, आई हसलीसुद्धा.

मी त्या गाडीत चढलो असतो, तर साखराला परवाच घरी आणलं असतं.