सावडीतली जागा

वरची वाडी, ता. अकोले
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय ताईस,
जयाचा नमस्कार.

कोल्हारला सगळे बरे असतील. दाजींचा गुडघा कसा आहे? रोहिणीबरोबर काळभाताचे तांदूळ दिलेत, पाखडून घे. अक्षराला हसू नकोस. शाळेत तूच त्याचा हेवा करायचीस. पेन धरलं की बोटं रुसतात, म्हणून थांबत थांबत लिहितेय. फोनवर बोलायचं तर सासूबाई शेजारीच असतात.

नाशिकच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन आलो. आपलंच रक्त आपल्याच सांध्यांवर उठतं म्हणे. ल्युपस असेल, आमवात असेल. एक तपासणी हो म्हणते, दुसरी नाही. गोळ्या दिल्या, सहा महिने बघू म्हणाले. उन्हात जाऊ नका, असंही मला, शेतात राबणाऱ्या बाईला सांगितलं. घरी सासूबाईंनी विचारलं, काय निघालं? आजाराला नाव असतं तर सांगता तरी आलं असतं. आता त्यांना वाटतं, सून अंग चोरते.

तुमच्याकडे लावणीला मजूर बोलावतात, इथे सावड असते. आज सगळ्याजणी माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. माणसाला माणूस फेडायचं. यंदा भाताच्या आवणीला सगळ्या आल्या आणि माझ्या मुठीत रोपंच धरवेनात. सगळ्यांत वडील भागूबाई म्हणाली, "जया, तू बांधावर बस. आमी हाये ना." किती मायेनं म्हणाली. त्या दिवशी बांधावर बसून मी खूप रडले. संध्याकाळी विचारलं, उद्या कुणाच्या खाचरात जायचं? तर म्हणाली, "तू नगं येऊ. तुझ्या जागी रोहिणी यील की. लई चपळ हाय पोरगी."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, ताई. मीच लेकीची शाळा बुडवून तिला पाठवलं. आवणी संपली, तरी ती शाळेत गेली नाही. निंदणी होती, पाणी होतं, भांडी होती. नववीतली पोर माझ्या जागी उभी राहिली आणि घराला त्याची सवय झाली. मलासुद्धा.

आता जे टाळतेय ते लिहिते. परवा सकाळी ती माझ्याकडे वेणी घालून घ्यायला आली. एरवी स्वतः घालते. म्हणाली, बोटं आखडलीत, दुपारपर्यंत सुटतील. माझं असंच सुरू झालं होतं. दोघींनी मिळून कशीबशी एक वेणी घातली. कामानं असेल, चिखलानं असेल. मी डॉक्टरांना मागेच विचारलं होतं. लेकीला होईलच असं नाही, म्हणाले. होणार नाही, असं म्हणाले नाहीत.

रोहिणी दोन दिवसांत परत येईल, असं मी घरात सांगितलंय. तिलाही तेच सांगितलंय. तिच्या कपड्यांखाली शाळेचा दाखला आहे. तिथल्या शाळेत नाव घाल. तिला तपासून आण. काही निघालं तरी इकडे पाठवू नकोस, नाही निघालं तर मुळीच पाठवू नकोस.

ती रडेल, आईचं कोण करणार म्हणेल. आणि एखाद्या दिवशी हात फार दुखले की मीच फोन करून तिला ये म्हणेन. मी म्हणेनच, ताई, मला माझी खात्री नाही. त्या दिवशी माझं ऐकू नकोस.

तुझी,
जया