भिंगरी नापास होणार!

१८ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल सोमवारी पोचलं. दोन टॉवेल, माझी जपमाळ आणि तुझ्या लेकीसाठी धावायचे बूट. वजन जास्त भरलं म्हणून टपालवाल्याला वरचे चाळीस मोजावे लागले. दोरी मात्र चांगली निघाली, गुंडाळून ठेवली आहे. देवाच्या कृपेने आम्ही खुशाल. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण पत्त्यांत लबाडी करायला गुडघा लागत नाही.

बूट पाहून आपल्या भिंगरीने ते पुन्हा कागदात गुंडाळले. मग म्हणाली, "मावशी, आता आईला सांगून टाक. मला नाही जमणार." म्हणून लिहिते. बसून वाच.

मागे मी "थोडा अशक्तपणा" एवढंच कळवलं होतं. खरं म्हणजे अंगात ताप असताना पोरगी जिना चढउतर करत होती, तिथेच चक्कर येऊन पडली. का, तर दुपारी दोन घास जास्त खाल्ले होते. घास म्हणजे जणू कर्ज, त्याच दिवशी फेडायला हवं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा खाण्याचा आजार आहे आणि असला व्यायाम हा त्यातलाच भाग.

त्यांनी तिला प्रश्नांचा कागद दिला. व्यायाम चुकला तर अपराधी वाटतं का? आजारी असतानाही करतेस का? उत्तरांना गुण. बेरीज झाली, तर जवळजवळ पैकीच्या पैकी! मी गणितात काठावर सुटलेली मॅट्रिक, मला कोण आनंद! तिथेच देवाला हात जोडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो मावशी, इथे नापास व्हायचं असतं." रडवेल्या पोरीलाही हसू फुटलं.

मग मी तिचे जुने बूट लपवले, दारावर पहारा दिला. त्यावरूनही डॉक्टरीणबाईंची बोलणी खाल्ली. "किती धावली ते नका मोजू. धावायचं राहिलं की तिच्या मनाचं काय होतं, ते बघा."

आता ऐक. परवा संध्याकाळी ती आणि हे गुलामचोर खेळत बसले. ह्यांनी गुलाम बनियनमध्ये दडवला. "काका चोर! काका चोर!" पोरीने असा गिल्ला केला की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली. काल सकाळी चहा पिता पिता भिंगरी एकदम थबकली. मी कप खाली ठेवला.

"मावशी, काल मी धावायला जायचंच विसरले."

आणि खो खो हसत सुटली. धाकटे, विसरली गं!

आज पुन्हा कागद भरला. गुण बरेच उतरलेत. "अजून वेळ लागेल, पण होणार नापास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरी येऊन देवापुढे दिवा लावला, या खेपेला नीट विचारून. नवे बूट माझ्या पायाला आले, वाया कशाला घालवू? मीच घालून भाजीला जाते. डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हा तिचे तिला.

एकच मागणं. तुझ्या दर पत्राची पहिली ओळ असते, "किती फेऱ्या मारतेस?" कौतुकानेच लिहितेस, मला ठाऊक आहे. मलाही ती शिस्तच वाटत होती, तेव्हा स्वतःला बोल लावू नकोस. पण तुझं पाकीट आलं की पोरगी ते फोडायच्या आधी फेऱ्या मारून येते, उत्तर तयार असावं म्हणून. या वेळी एवढंच विचार, गुलाम शेवटी कोणाच्या हातात राहिला?

उलट टपाली लिही. ती दारात टपालवाल्याची वाट बघणार आहे. बसून, बरं का.

तुझीच,
ताई