लॉराला ठोकलेलं उत्तर

इंद्रनील,

मी सायकलने हॉस्पिटलला ड्युटीवर निघालेय. आमटी गरम करून घे. डेअरीतून दूध आण.

तुझ्या त्या स्लॉटच्या, ऑनलाइन जुगाराच्या साइटवरची लॉरा रोज ईमेल करते, ‘डिअर इंद्रनील, आय मिस यू.’ सकाळी ते वाचून माझा नुसता जळफळाट झाला. तुझ्याच ईमेलवरून, इंग्रजी अक्षरांत अस्सल मराठी लिहिलं, ‘भवाने, माझ्या नवऱ्याचा नाद सोड!’ लगेच उत्तर हजर, ‘थँक यू, इंद्रनील! तुझ्यासाठी वीस फ्री स्पिन!’

म्हणजे लॉरा नावाची बाईच नाही, सगळं कॉम्प्युटर करतो. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय, अशा फुकटच्या डावांच्या बोनसवर जिंकलेले पैसे तीसदा परत खेळल्याशिवाय काढता येत नाहीत. खेळायचंच तर आधी अटी वाच, फुकटचं घेऊ नकोस, आणि ठरवलेले डॉलर संपले की ऊठ. इकडे परदेशात, पामर्स्टनला आल्यापासून तुला उठलेलं मी पाहिलेलं नाही.

बाई नाही हे कळूनही माझं जळणं थांबत नाही रे. शिवी दिली तरी तिनं तुझं नाव घेऊन गोड उत्तर दिलं. परवा पाडव्याला मी तबक घेऊन तुझ्या खुर्चीशी उभी होते. तू म्हणालास, ‘एकच स्पिन.’ निरांजन विझलं, तेही तू पाहिलं नाहीस.

कांचन