क्वार्टर्सकडून येणारं पाणी

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशीलच, असं नेहमीप्रमाणे लिहून टाकते. आईचा गुडघा आता वाकतो. काठी मात्र हातात धरत नाही, "म्हातारी दिसते" म्हणते! तू राहून गेल्यापासून रोज तुझाच विषय. "पोरगा किती वाळलाय गं." मी म्हटलं, कामाचा ताण असेल.

तू मला "गटारातली डॉक्टर" म्हणून चिडवतोस. चिडव. सांडपाणी तपासून कुठल्या वस्तीत कोणती नशा किती चालते, याचा आम्ही अंदाज काढतो. वस्ती बघायची, घर शोधायचं नाही, हा लॅबचा पहिला नियम.

उन्हाळ्यापासून तुमच्या डॉक्टर क्वार्टर्सच्या ड्रेनेज लाइनमध्ये एक औषध सापडतंय. भूल देताना टोचतात ते. नाव तुला मी काय सांगू? आमच्या मॅडम म्हणाल्या, "उरलेलं कोणी बेसिनमध्ये ओतत असेल." मलाही तेच खरं असावंसं वाटत होतं. पण शरीरातून गेलं की औषधाचं रूप बदलतं, आणि आम्हाला ते बदललेलं रूपच मिळत होतं. दर खेपेला जास्त.

आई पडली म्हणून तू इथे आलास, त्या आठवड्यात क्वार्टर्सचं पाणी स्वच्छ आलं. दादा, मी नियम मोडला. आईच्या गल्लीतलं गटाराचं झाकण उचलायला लावलं. नमुने काढणारे काका म्हणाले, "इथं कशाला, ताई? ही तर तुमचीच गल्ली." मी म्हटलं, असंच.

असंच नव्हतं. त्या पाण्यात तेच औषध निघालं. तू परत गेल्यावर पुन्हा तपासलं. काही नव्हतं.

तरी गप्प राहिले. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग त्याच काकांचं हर्नियाचं ऑपरेशन तुमच्या हॉस्पिटलमध्ये झालं. भूल तू दिलीस. भेटायला गेले तर माझा हात सोडेनात. "ताई, मला सगळं कळत होतं. सुरी कळत होती. ओरडायला तोंडच हलेना." सिस्टर म्हणाली, भुलीत भास होतात. काका तुला बोल लावत नव्हते रे. "डॉक्टरांचे हात थरथरत होते सुई लावताना. बरं नसावं बिचाऱ्यांना." तू माझा भाऊ आहेस, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांच्या वाट्याचं औषध कुठे गेलं, ते मी तुला विचारत नाही.

आज सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. नाव मीच घेतलं. त्यांनी माझ्यासमोरच तुमच्या अधीक्षकांना फोन लावला. उद्यापासून तुला थिएटरमध्ये घेणार नाहीत. काकांनाही सांगून आले, की तो भास नव्हता, आणि तो डॉक्टर माझा कोण लागतो. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे वहिनीच्या हाती देतेय. तिला सगळं माहीत आहे. रडली नाही. "मला वाटायचं, दुसरी कोणी बाई आहे," एवढंच म्हणाली.

कालचा नमुना मी पाहिलाय. एवढं घेणारा माणूस झोपेत श्वास घ्यायचा विसरतो, हे तू मला शिकवायचं, मी तुला नाही. यावर उपचार होतात, दादा. मी रजा टाकलीये, सोबत येईन. आईला काय सांगायचं ते तू ठरव.

बाथरूमची आतली कडी वहिनीने काढून टाकलीये. तिच्यावर ओरडू नकोस. मीच सांगितलं.

तुझ्या रागासकट तुझीच,
चिमणी