कॅल्शियमची डबी

१२ फेब्रुवारी, दुपार

ती. ताई,

नमस्कार. दाजींचा गुडघा आता बरा असेल. दुकानाला नवं शटर एकदाचं बसलं, हे चिमणीकडून कळलं. तुझी ही लेक माझ्याकडे राहायला आली आणि घरात जीव आला. फोन न करता लिहितेय, कारण अडचणीचं काही निघालं की तुझ्या मेडिकलमध्ये नेमकं गिऱ्हाईक येतं.

चिमणी संडासात गेली की नळ मोठा सोडते. का, ते मला कुणी सांगायला नको. मीही कित्येक वर्षं तेच करते. काल ती बाहेर आल्यावर विचारलं, "रक्त पडतं का गं?"

"आई म्हणते, परीक्षेचं टेन्शन आहे."

टेन्शन. माझ्या वेळीही तू हेच म्हणालीस, डॉक्टरही हेच म्हणाले. आतड्याला सूज आहे, जखमा आहेत, हे दुर्बिणीने बघेपर्यंत मी निम्मी झाले होते.

मग तिच्या बॅगेत ती डबी दिसली. कॅल्शियमची. झाकण न उघडताच आत काय आहे ते मला कळलं. माझ्या सासूबाईंना पत्ता लागू नये म्हणून गर्भनिरोधक गोळ्या तू मला अशाच डबीत भरून द्यायचीस. तेव्हा उपकार वाटले, ते आजही नाकारत नाही. पण "कोणती औषधं चालू आहेत?" असं डॉक्टर विचारायचे तेव्हा शेजारी सासूबाई असायच्या, आणि मी म्हणायचे, "कॅल्शियम."

उगाच आळ घ्यायचा नाही म्हणून आताच्या डॉक्टरांचे शब्द लिहिते. "गोळीमुळेच झालं असं म्हणता येत नाही. बहुतेक बायकांना काही होत नाही. पण गोळी घेणाऱ्यांत या आजाराचा धोका थोडा वाढलेला दिसतो. घरात कुणाला हा आजार असेल तर गोळी देणाऱ्याला ते माहीत हवं."

तुझ्यावर राग काढायला मला निमित्त हवंय का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. नाही. चिमणीला पाळीच्या त्रासावर तीच गोळी दिलीस, त्याचा राग नाही. राग डबीचा आहे. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला आपण काय गिळतो ते लपवायला शिकवलंस, आणि मावशीला काय झालंय ते तिला ठाऊकच नाही. "मावशीचं पोट नाजूक," एवढंच. "कुणाला सांगत बसू नकोस, चिमणीचं लग्न व्हायचंय," असं तू मला बजावलंस आणि मी ऐकलं. तिच्या लग्नासाठी माझं आतडं लपवायचं. आता तिचं कशासाठी लपवायचं, ताई?

काल तिला सगळं सांगितलं. तिने डबी हातात घेऊन लेबल वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे आईला दोन्ही माहीत होतं? गोळीही आणि तुझा आजारही?"

मी म्हटलं, "आईलाच विचार." उत्तर तुझं तू दे.

परवा सकाळी माझ्या डॉक्टरांकडे जातोय, तीच म्हणाली, "चल." गोळी चालू ठेवायची की बदलायची, ते तिथे विचारू. डबीवरचं लेबल तिने नखांनी खरवडून काढलंय, निघालं तेवढं.

तू येऊन जा. दुकान एक दिवस बंद राहील. शटर नवं आहेच.

तुझीच धाकटी,
पण हे पत्र चिमणीच्या मावशीचं