मोज्यांचा बॉल

३ डिसेंबर

आजपासून क्लबचं ग्राउंड बंद. नवीन गवत लावणार, मार्चमध्ये उघडणार. गोल्फ शिकवणारे सर म्हणाले, सीझनमध्ये काय, सगळेच खेळतात. ऑफ-सीझनमध्ये जो मेहनत करतो तोच खरा गोल्फवाला. आणि ध्येय लिहून काढा म्हणाले, रोजचं रोज लिहा. मी सातवीतून शाळा सोडली, पण लिहायला येतं मला.

तर ध्येय. मार्चच्या स्टाफ मॅचमध्ये बायकांत पहिली यायचं. जी पहिली येईल तिला सर लेडीज बॅचला मदतनीस म्हणून घेणार आहेत. रोज सकाळी बाहेर, मोकळ्या हवेत, आणि बाळाला क्लबच्या पाळणाघरात जागा. लग्नाआधी मी इथेच बॉल वेचायची. वेचता वेचता मारायला लागले. सर तेव्हा म्हणाले होते, हात चांगला आहे हिचा. मग क्लबचं गवत कापायचं मशीन चालवणाऱ्याशी लग्न झालं, क्लबच्या मागची ही खोली मिळाली आणि बबडी झाली. बबडी झाल्यापासून मी घराबाहेर अशी फक्त डॉक्टरकडे गेलेय. पण ते थंडीमुळे.

सरांनी प्रॅक्टिसला जुनी स्टिक दिलीय. उद्यापासून रोज सकाळी बाहेर जायचं. सासूबाई आल्याच आहेत, बबडी त्यांच्याजवळ राहील. ठरलं म्हणजे ठरलं.

४ डिसेंबर

नाही गेले. बबडी शिंकली.

५ डिसेंबर

गेले. वळणापर्यंत. तिथे आठवलं की सासूबाईंना बसल्या बसल्या डुलकी लागते. पळत परत. त्या टक्क जाग्या, बबडी मांडीवर. काय गं, काय विसरलीस, म्हणाल्या. मी म्हटलं, रुमाल. रुमाल माझ्या हातातच होता. त्यांनी बघितला. नुसत्या हसल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ डिसेंबर

डोक्यात प्रकाश पडला. बाहेर जायची गरजच काय? प्रॅक्टिस म्हणजे हात फिरवायचे. हात खोलीतही फिरतात. पलंग भिंतीला सरकवला, टेबल दाराशी नेलं. आता दार अर्धंच उघडतं, पण येतंय कोण एवढं. स्टिक वर नेली की दिव्याला लागते. म्हणून गुडघ्यात वाकून मारली. नाही लागत. अशीही एक स्टाइल असेलच.

खऱ्या बॉलचा आवाज होतो, बबडी दचकते. ह्यांचा एक मोजा गुंडाळून बॉल केला. एकदम मस्त. आवाज नाही, काही नाही.

१२ डिसेंबर

सासूबाई ह्यांना सांगत होत्या, मी झोपलेय असं समजून. म्हणे, पोरगी घाबरलीय रे. मी अजिबात घाबरलेली नाही. बबडी पंधरा दिवसांची असताना दूध नाकात गेलं होतं तिच्या. निळी पडली. पाठीवर थोपटलं, रडली, संपलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, विसरून जा. मी विसरलेय. फक्त मधून मधून नाकाखाली बोट धरून बघते श्वास चालू आहे का. सगळ्याच आया बघतात. त्याने कधी कधी ती जागी होते. मग उलट चांगलंच, जागी झाली म्हणजे श्वास चालू आहे.

१८ डिसेंबर

मोठी गोष्ट घडली. सर नेहमी ओरडतात, नजर बॉलवर, नजर बॉलवर. पण बॉल जमिनीवर, बबडी पाळण्यात, आणि डोळे माझे दोनच. तर मी आज बबडीकडे बघत बघत स्टिक फिरवली. मोज्याला लागली! परत फिरवली. परत लागली! बॉलकडे न बघता मारणं सरांनाही येत नसेल. कुणाला सांगायचं नाही. थेट मॅचमध्ये दाखवायचं, सगळ्यांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत.

२ जानेवारी

नवीन वर्ष. आता एक दिवस चुकवायचा नाही.

आज जरा हुकतंय. दोष मोज्याचा आहे, फार पातळ झालाय. अजून एक मोजा गुंडाळला. आता बरोबर लागतंय.

७ जानेवारी

अजून दोन मोजे.

११ जानेवारी

कॅन्टीनताई आल्या होत्या. क्लबचं कॅन्टीन त्याच चालवतात आणि मॅचमध्येही आहेत. दार अर्धंच उघडतं म्हणून आडव्या होऊन आत आल्या, तेवढ्यावरून हसल्या. मशीनच्या शेडमागे जाळी लावलीय, तिथे रोज जातात म्हणे प्रॅक्टिसला. चल की माझ्याबरोबर, म्हणाल्या, दोघी असलो की वेळ जातो. मी म्हटलं, माझं घरातच जोरात चाललंय. काय करतेस दाखव, म्हणाल्या. मी मोज्यांचा बॉल ठेवला. त्या म्हणाल्या, अगं बाई, हे गोल्फ आहे का फुटबॉल? सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, फुटबॉलला तरी बघून मारतात.

दोघी पोट धरधरून हसल्या. हसू देत. कॅन्टीनताई स्टिक अशी मारतात की दगडावर चादर आपटतायत. त्यांची मला काही धास्ती नाही.

२० जानेवारी

ह्यांचं आणि माझं वाजलं. ह्यांना कामावर जायला मोजे सापडेनात. सगळे बॉलमध्ये. तसेच बूट घालून गेले, संध्याकाळी टाचा सोललेल्या. मी म्हटलं, माझ्या सीझनपेक्षा तुमच्या टाचा मोठ्या झाल्या का? ते म्हणाले, कसला सीझन, तू नळावरसुद्धा जात नाहीस. सगळं पाणी आई भरते.

मला थंड पाणी सोसत नाही, हे त्यांना माहीत आहे.

२५ जानेवारी, रविवार

ह्यांनी आज समेट करायचा म्हणून सांगितलं, मी बबडीला बघतो, तू जा शेडमागे, तास दोन तास मार. मी म्हटलं, तुमच्या हातांना पेट्रोलचा वास येतो. त्यांनी साबणाने हात धुतले. मी म्हटलं, नखं. त्यांनी नखं कापली. मी म्हटलं, ढग आलेत. ढग नव्हते. पण दुपारनंतर आले. म्हणजे माझंच बरोबर होतं.

ह्यांनी मोज्यांचा बॉल उचलून बघितला, वजन केल्यासारखा, आणि परत जागेवर ठेवला.

३ फेब्रुवारी

पाळणाघर बघून आले. सरांनीच निरोप पाठवला होता, पुढे सोय लागेल, आधी बघून घे. बबडीला कडेवर घेऊन गेले, म्हणून काही वाटलं नाही. जागा स्वच्छ आहे. सांभाळणारी बाईही प्रेमळ. ओळीने बाळं झोपलेली. मी म्हटलं, आलोच आहोत तर बघून घेऊ, आणि एकेकाच्या नाकाखाली बोट धरलं. सगळे श्वास चालू होते. सगळी बाळं उठली आणि रडायला लागली. बाई म्हणाल्या, ताई, तुमचं बाळ खुशाल पाठवा. तुम्ही मात्र येऊ नका.

मला ती जागा फारशी आवडली नाही. फार गोंगाट आहे तिथे.

१७ फेब्रुवारी

मॅच झाली की सासूबाई जाणार. नणंदेचे दिवस भरत आलेत. मग मी आणि बबडी, दिवसभर, या खोलीत. म्हणजे मॅच जिंकलीच पाहिजे. जिंकणारच आहे.

आज भाजी निवडता निवडता सासूबाई अचानक म्हणाल्या, माझा पहिला नऊ महिन्यांचा असताना गेला. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणाल्या, मग तुझ्या नवऱ्याला मी दोन वर्षं खालीच ठेवला नाही. बघ, अजून रस्ता ओलांडताना माझा हात धरतो, एवढा बाप्या झाला तरी. मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग त्या म्हणाल्या, हसतेस काय, त्याची चूक नव्हती ती, माझी होती.

मी उठून प्रॅक्टिस केली.

१ मार्च

उद्या मॅच. तयारी पूर्ण. रात्री लवकर झोपायचं, सकाळी उठायचं, जिंकायचं. खरा बॉल हातात घेऊन बघितला. फार लहान करतात हल्ली.

२ मार्च, सकाळ

रात्रभर जागीच. थंडीमुळे असणार. सासूबाई बबडीला घेऊन येतायत, दोरीच्या मागे उभ्या राहतील, मला दिसतील अशा. तशी अट घातलीय मी.

२ मार्च, दुपार

आधी कॅन्टीनताई. चादर आपटली. बॉल फार उंच गेला नाही, पण सरळ गेला, बराच लांब. टाळ्या.

मग मी. सरांनी बॉल जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर ठेवला. मटारच्या दाण्याएवढा दिसला मला. वर एवढं आभाळ, दिवा नाही, भिंत नाही. तरी मी गुडघ्यात वाकले. सर म्हणाले, सरळ उभी राहा गं, छत नाहीये. बबडी दोरीमागे सासूबाईंच्या खांद्यावर. तिच्याकडे बघितलं आणि स्टिक फिरवली. नुसता वारा. बॉल जागेवर. कुणी हसलं नाही. सर म्हणाले, नजर बॉलवर. मी बबडीकडे बघून परत फिरवली. या वेळी लागली, पण जमिनीला. नव्या गवताचं ढेकूळच उडालं. हे कडेला उभे होते, त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. तीन महिने पाणी घातलं होतं त्या गवताला.

सरांनी अजून एक संधी दिली. मी स्टिक धरली, वळून बघितलं, आणि दोरीमागे कुणीच नाही.

पुढचं मला नीट आठवत नाही. स्टिक टाकली. पळाले. झेंड्याजवळून पळाले, जिथे चपला घालून कुणालाच जाऊ देत नाहीत. मागून सर ओरडत होते, हे ओरडत होते. सासूबाई अवजारांच्या खोलीमागे उपड्या बादलीवर बसल्या होत्या, बबडी मांडीवर झोपलेली. म्हणाल्या, तू सारखी इकडे बघतेस, म्हणून म्हटलं आडोशाला जावं, तुझं लक्ष तरी लागेल. मी बबडीच्या नाकाखाली बोट धरलं. सासूबाई म्हणाल्या, चालू आहे तिचा. आता स्वतःच्या नाकाखाली धर, तुझाच अडकलाय केव्हाचा.

मी तिथेच मातीत बसले. खूप रडले. बबडी उठलीसुद्धा नाही.

३ मार्च

कॅन्टीनताईंना घेतलं. बॉल लहान होता, जमीन ओली होती, वारा उलटा होता. मोज्यांच्या बॉलवर मॅच ठेवली असती तर...

नाही. तरीही नाही.

सर घरातली प्रॅक्टिसची स्टिक न्यायला आले. मला वाटलं, गवताबद्दल बोलतील. ते म्हणाले, हात अजून चांगला आहे. मग म्हणाले, ध्येय नवीन लिही, पण एवढंसं लिही, जमेल असं. मला राग आला. चहा न देताच पाठवलं. नंतर वाईट वाटलं.

६ मार्च

सासूबाई गेल्या. जाताना टेबल मूळ जागेवर सरकवून गेल्या. दार आता पूर्ण उघडतं. मला म्हणाल्या, मला पण भीती वाटायची, पण मी ती गोल्फच्या नावाखाली नाही लपवली. मग मला जवळ घेतलं.

आज फार शांत आहे खोली. नाकाखाली बोट किती वेळा धरलं ते लिहीत नाही.

८ मार्च, सकाळ

मला भीती वाटते. थंडीमुळे नाही.

सीझनचं ध्येय: बबडी झोपली असताना एकटीने बाहेर जाऊन दोरीवर कपडे वाळत घालायचे. सगळे. मग आत यायचं.

दोरी दारापासून चार पावलांवर आहे.

८ मार्च, थोड्या वेळाने

गेले. दोन चादरी घातल्या, एक शर्ट घातला. मग आत येऊन बघितलं. झोपलीय. व्यवस्थित.

कपड्यांची बादली बाहेरच राहिली, निम्मी भरलेली. खिडकीतून दिसतेय. संध्याकाळी हे येताना घेऊन येतील.